‘पोरस’ (आत बारीक पोकळ्या असलेल्या) जॉबला, म्हणजे कोटिंगला आलेल्या वस्तूला, मराठीत काय म्हणावं?

अनुवादिनी : पावडर कोटिंगच्या (धातूवर कोरडी रंगपावडर फवारून भट्टीत पक्की करण्याच्या) ऑपरेटरांसाठी सूचनापत्रक मराठीत करतेय. ‘सच्छिद्र ओतीव वस्तू कोटिंगआधी तापवून घ्यावी’ असं लिहिलं, तर सुपरवायझरांनी ‘सच्छिद्र’ खोडलं. म्हणाले, पोरं आरपार भोकं शोधतील, दिसली नाहीत की जॉब थेट पावडर फवारणाऱ्या गनखाली घेतील. दुसरा शब्द सुचवा.

ओतारी : बरोबर आहे त्यांचं. मी शिरोलीच्या फौंड्रीत शिकलो, तिथे ‘माल पोरस आहे’ एवढंच म्हणत. ही भोकं डोळ्यांना दिसतीलच असं नाही. बिडात (कास्ट आयर्नमध्ये), अ‍ॅल्युमिनियमच्या ओतिवात हवा, ओल, मशिनिंगचं तेल दबून बसतं. पावडर साधारण १८०-२०० अंशांना वितळून पक्की होते, नेमकं तेव्हाच आतलं सगळं फुगून थर फोडतं. पिनहोल, पुटकुळ्या! म्हणून जॉब आधी क्युरिंगच्या, म्हणजे पावडर पक्की करण्याच्या, तापमानापेक्षा १०-२० अंश जास्त तापवायचा, जाड असेल तर जास्त वेळ. ‘पोरस’च लिहा.

शुद्धमती : ‘छिद्र’ हा शब्द छिद् म्हणजे कापणे यातून आला. ओतिवातली पोकळी कुणी कापलेली नाही. त्वचेची ‘रंध्रं’ म्हणतोच ना? ‘रंध्रयुक्त’ लिहा.

ओतारी : भट्टीसमोर उभा माणूस ‘रंध्रयुक्त’ वाचून काय करेल?

शुद्धमती : ‘बीड’, ‘ओतीव’, ‘साचा’ हे शब्द कारागिरांच्या तोंडी रुळले ते वापरूनच. नवा शब्द वापरायचाच नाही म्हटलं तर रुळणार कधी?

मावळमाती : भूगोलात ‘सच्छिद्र बेसॉल्ट’ शिकलो, तिथे कुठे आरपार भोकं असतात? लाव्हा थिजताना वायूचे बुडबुडे अडकले, इतकंच. आमची आजी नव्या माठाला ‘पाझरता’ म्हणायची. ‘पाझरतं ओतीव’ कसं वाटतं?

ओतारी : नको! पाझरतं म्हणजे लीकेज. प्रेशर टेस्टला पाझरणारा जॉब वेगळा, त्यात व्हॅक्यूम लावून सीलंट भरतात. कोटिंगला फोड आणणारा जॉब ती टेस्ट पासही होतो.

अनुवादिनी : ‘हवा धरलेला जॉब’ लिहिलं तर?

शुद्धमती : नुसती हवा कुठे? ओल आणि तेलही आहे, तुम्हीच वर वाचलंत.

ओतारी : मला चालेल. पण मग गॅल्व्हनाइज्ड पाइपचं काय? तो ओतीव नाही, तरी जस्ताच्या थरातून वायू सुटून पुटकुळ्या येतातच. तोही आधी तापवावा लागतो.

मावळमाती : बेसॉल्टच्या त्या पोकळ्यांत पुढे स्फटिक भरतात, आम्ही लहानपणी त्या गारगोट्या वेचायचो. कोल्हापूरकडच्या गारगोटी गावाचं नाव त्यावरूनच पडलं असावं.

शुद्धमती : गावाचं नाव दगडावरून? आधाराशिवाय मी हे मानणार नाही. जुन्या कागदांत काय लिहिलंय ते सांगा.