कोंबडी खुडूक बसलीये, पुढचं सांगा! (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी. आम्ही संगमेश्वरकडचे. आईच्या हट्टापायी चार गावठी कोंबड्या नि एक कोंबडा आणला. त्यातली एक खुडूक झाली, तिच्याखाली नऊ अंडी ठेवलीत. 21 दिवस भरायला आठवडा उरलाय आणि धाकधूक माझीच वाढलीये.

मानमोडी (राणीखेत) रोग होऊ नये म्हणून पिल्लांना पहिल्या आठवड्यात लासोटा लस द्यायची हे कळलं. पण दुकानात बाटली 100 डोसांची, नि उघडली की ठेवता येत नाही. नऊ पिल्लांसाठी तुम्ही काय करता? शेजाऱ्यांत वाटून घेता?

दुसरी भीती मुंगसाची. खुराड्याला जाळी आहे, पण खाली मातीच. फरशी घालू की जाळीच फूटभर पुरू?

आणि खाद्य? काकू म्हणतात तांदळाची कणी पुरे, दुकानदार (अर्थातच) स्टार्टर (पिल्लांचं तयार खाद्य) घ्या म्हणतो.