क्रेडिट कार्डावरची बाकी बँकेकडून उचलून क्रेडिट युनियनमध्ये न्यावी का?

रानजाई (कोलंबस, ओहायो)

नवऱ्याची नोकरी गेल्या हिवाळ्यात गेली. एच-वन-बी व्हिसा, म्हणजे नवी नोकरी शोधायला हातात ६० दिवस. नवी नोकरी मिळाली, पण मधल्या काळातलं घरभाडं आणि विम्याने न दिलेलं हॉस्पिटलचं बिल कार्डावर चढलं. आज बाकी ९,००० डॉलर, वर्षाला २४ टक्के. महिन्याला १८० डॉलर नुसत्या व्याजात जातात.

स्टेटमेंटवर कायद्याने छापावी लागणारी चौकट असते ना: फक्त किमान रक्कम भरत राहिलात तर कर्ज किती वर्षांत फिटेल, आणि तीन वर्षांत फेडायचं तर दरमहा किती भरावे लागतील. आमच्या चौकटीत पहिला आकडा वीस वर्षांच्या पुढे आहे, दुसरा ३५३ डॉलर.

माझं मत पक्कं झालंय, ही बाकी क्रेडिट युनियनमध्ये, म्हणजे सभासदांच्या मालकीच्या सहकारी पतसंस्थेत, न्यायची. नवऱ्याच्या नव्या कंपनीतल्या लोकांना इथल्या एका युनियनचं सभासदत्व मिळतं. पाच डॉलरचं शेअर खातं (सभासदाचं बचत खातं) उघडलं की झालं. तिथल्या कार्डाचा दर १२ टक्के, बाकी हलवायला शुल्क शून्य. फेडरल (केंद्रीय कायद्याखालच्या) क्रेडिट युनियनला कार्डावर १८ टक्क्यांपेक्षा जास्त व्याज लावताच येत नाही, ही मर्यादा १९८७ पासून आहे. मोठ्या बँकांना असा कुठलाही लगाम नाही. या देशातली पहिली क्रेडिट युनियन १९०८ साली न्यू हॅम्पशायरमधल्या मँचेस्टरला गिरणी कामगारांसाठी निघाली, कारण त्यांना कोणी दारात उभं करत नव्हतं. अडचणीतल्या माणसाने अशाच ठिकाणी जावं असं मला मनापासून वाटतं. कुणाचा विरोध असेल तर जरूर मांडा.

आकडेमोड (न्यू जर्सी)

माझा विरोध आहे. भावना समजते, पण कर्ज आकड्यांनी फिटतं.

शून्य टक्क्यांचं बॅलन्स ट्रान्सफर कार्ड घ्या, म्हणजे जुनी बाकी ज्यावर हलवता येते असं नवं कार्ड. बँका १२ ते २१ महिने शून्य व्याज देतात, शुल्क साधारण ३ ते ५ टक्के. सर्वांत महागडं शुल्क धरू: ५ टक्क्यांनी ४५० डॉलर. १८ महिन्यांची मुदत असेल तर दरमहा ५२५ भरून विषय संपला, एकूण खर्च ४५०. तेच ५२५ युनियनच्या १२ टक्क्यांवर भरलेत तर एकोणीस महिने लागतील आणि सव्वानऊशेच्या आसपास व्याज जाईल. म्हणजे दुप्पट. गिरणी कामगारांबद्दल आदर आहे, पण त्यासाठी पावणेपाचशे डॉलर का मोजायचे?

रानजाई

५२५ निघणार नाहीत. दोन्हीकडच्या घरी पैसे पाठवावे लागतात, पाळणाघराची फी आहे. ओढाताण करून २५० निघतील, एखाद्या महिन्यात २०० च.

आकडेमोड

मग तेही मांडतो. शून्य टक्क्यांची मुदत संपल्यावर उरलेल्या रकमेला २६ टक्के लागतील असं धरलंय.

दरमहा २५० भरलेत तर बँकेच्या वाटेने शुल्क आणि व्याज मिळून साधारण २,०३५ डॉलर जातील. युनियनच्या वाटेने २,२१५. अजूनही बँकच स्वस्त, फरक तेवढा कमी झाला. २०० वर आलात की चित्र उलटतं: बँकेत जवळपास ४,००० आणि युनियनमध्ये ३,०००. तेव्हा २४० च्या वर टिकणार असाल तर माझं ऐका, नाहीतर तुमचं खरं.

मुळामुठा (सिएटल)

आकडेमोड, तुमचं गणित चोख आहे. पण ते कागदावरच्या माणसाचं आहे. नवी नोकरी लागून काही महिनेच झालेत, अशा अर्जदाराला बँक ९,००० ची उधारीची मर्यादा देईलच कशावरून? ३,५०० ची मिळाली तर उरलेले साडेपाच हजार जुन्याच २४ टक्क्यांवर राहतील. आणि एकाच बँकेच्या एका कार्डावरून दुसऱ्यावर बाकी हलवू देत नाहीत, म्हणजे दुसरी बँक शोधा, पुन्हा अर्ज, क्रेडिट रिपोर्टवर आणखी एक चौकशी.

दुसरं, हप्ता ६० दिवस थकला तर शून्य टक्के काढून घेता येतात. मुलाचा दमा, गाडीचं ट्रान्समिशन, लागोपाठ दोन महिने हुकायला काय लागतं? १२ टक्के ही रोजची भाकरी आहे, अमुक तारखेला ती ताटातून उचलली जात नाही.

आणि हा फरक एखाद-दुसऱ्या युनियनपुरता नाही. ग्राहक वित्त संरक्षण ब्युरोने फेब्रुवारी २०२४ मध्ये दाखवलं होतं की सर्वांत मोठ्या २५ कार्ड कंपन्यांचे दर लहान बँका आणि क्रेडिट युनियनपेक्षा ८ ते १० टक्क्यांनी वर आहेत. सरासरी ५,००० डॉलरच्या बाकीवर वर्षाला ४०० ते ५०० चा फटका. जाहिरात मात्र शून्याचीच दिसते.

कृष्णाकाठ (ह्यूस्टन)

माझा प्रश्न वेगळा आहे. सहकारी म्हटलं की आमच्या घरात अंगावर काटा येतो. सप्टेंबर २०१९ मध्ये पीएमसी बँकेवर निर्बंध आले तेव्हा सुरुवातीला हजार रुपयेच काढता येत होते, आणि त्या रांगेत माझे काका होते. गावाकडच्या पतसंस्थांच्या ठेवींना तर विमाही नसतो. इथे पगार जमा करायला सांगतील, मग?

मुळामुठा

भीती रास्त आहे, पण इथली व्यवस्था निराळी. फेडरल क्रेडिट युनियनमधल्या ठेवींना राष्ट्रीय क्रेडिट युनियन प्रशासनाच्या निधीतून माणशी अडीच लाख डॉलरपर्यंत विमा असतो, बँकांना असतो तेवढाच. आपल्याकडे हिच्या सर्वांत जवळची गोष्ट म्हणजे पगारदार नोकरांची पतसंस्था. माझ्या वडिलांनी एसटीच्या नोकरीत माझ्या बहिणीचं लग्न अशा पतसंस्थेच्याच कर्जावर केलं, आणि सावकाराची पायरी चढावी लागली नाही. शिवाय रानजाई तिथे ठेव ठेवायला चाललेली नाही, कर्ज घ्यायला चालली आहे. युनियन बुडाली तरी बुडणारं पाच डॉलरचंच खातं, आणि तेही विम्यात.

वकिलीण (शिकागो)

इथे मी मुळामुठांच्या विरोधात आहे, कारण खरा धोका कुणी सांगितलाच नाही.

कार्डाच्या थकबाकीपोटी बँकेने तुमच्या बचत खात्यातून परस्पर पैसे वळते करून घ्यायचे नाहीत, असा फेडरल कायदा आहे. पण तुम्ही स्वतःच खातं तारण म्हणून लिहून दिलंत तर ते संरक्षण उरत नाही. अनेक क्रेडिट युनियनच्या कार्ड करारात नेमकं तेच कलम असतं: सभासदाची शेअर खाती या कार्डाला तारण. लोक सही करतात, पगारही तिथेच जमा करतात, आणि अडचणीच्या महिन्यात घरभाड्याचे पैसे कार्डात गेलेले दिसतात. त्याच युनियनचं कारचं कर्ज असेल तर ते फिटल्यावरही कार्डाच्या बाकीसाठी गाडीचं टायटल (मालकीचा कागद) अडवून धरलेलं मी अशिलांच्या बाबतीत पाहिलंय. 'आपली संस्था' म्हणून डोळे मिटून जाऊ नका. सभासदांची मालकी खरी, एका सभासदाला एक मत हेही खरं, पण वार्षिक सभेला जातं कोण?

रानजाई, करार आधी मागून घ्या. 'तारण' आणि 'सर्व कर्जे' असे शब्द जिथे येतील तिथे थांबा, आणि पगाराचं खातं दुसरीकडेच ठेवा.

रानजाई

वकिलीण, फार उपयोग झाला. आज शाखेत फोन करून करार मागवला. खातं तारण असल्याचं कलम आहे. कारचं कर्ज तिथे नाही, आणि पगार जुन्याच बँकेत राहील, तिथे फक्त पाच डॉलर. तिथल्या बाईंनी आणखी एक सुचवलं: कार्डावर हलवण्यापेक्षा त्याच १२ टक्क्यांनी चार वर्षांचं वैयक्तिक कर्ज घ्या. हप्ता २३७ डॉलर. हे मला पटतंय. मुदत ठरलेली आहे, आणि नवीन खरेदी त्यात मिसळायला वाव नाही.

आकडेमोड

२३७ चार वर्षं म्हणजे २,३७६ डॉलर व्याज. दरमहा २५० भरलेत तर माझ्या वाटेपेक्षा साडेतीनशेच्या आसपास महाग. मी अजूनही म्हणेन की आधी शून्य टक्क्यांसाठी अर्ज करून बघा. मर्यादा पुरेशी मिळाली नाही तर युनियन कुठे पळून जात नाही.

रानजाई

साडेतीनशे डॉलर कमी नाहीत, मान्य. पण चार वर्षांत भागिले ४८ केले तर महिन्याला सात-साडेसात. तेवढ्यात मला दर बदलण्याची तारीख लक्षात ठेवावी लागत नसेल तर मी ते देईन.

मुळामुठा

एक काम मात्र विसरू नका. युनियनचे पैसे जुन्या कार्डावर जमा होईपर्यंत तिथला हप्ता भरत राहा, आणि बाकी शून्य दिसली तरी ऑटोपे लगेच बंद करू नका. शेवटचं स्टेटमेंट निघाल्यापासून पैसे पोचेपर्यंतच्या दिवसांचं व्याज पुढच्या स्टेटमेंटला येतं. तुमच्या रकमेवर ते दिवसाला सहा डॉलरच्या घरात बसेल. ते भरायचं राहिलं तर वर विलंब शुल्क.