बगॅस (रस काढल्यावर उरलेला उसाचा चोथा) जाळायच्या आधी त्यातली साखर काढावी का?

ऊसकरी:
आमच्या कारखान्यात बगॅस सरळ बॉयलरला जातं, को-जनची, म्हणजे त्याच वाफेवर कारखान्यातच केलेली वीज विकतात, झालं. पण कोरड्या बगॅसच्या वजनात साधारण चौथा हिस्सा झायलन असतं, म्हणजे पाच कार्बनवाल्या साखरेची साखळी, ती आम्ल घालून वाफेवर शिजवली की तुटून झायलोज होतं आणि त्यातून पाणी निघून गेलं की फरफ्युरल, रेझिन वगैरे बनवायला लागणारं केमिकल. क्वेकर ओट्सने 1922 मध्ये ओटच्या टरफलांपासून हे अमेरिकेत सुरू केलं होतं! चोथ्यात उरलेला सेल्युलोज-लिग्निनचा तंतुमय भाग नंतर जळतोच. माझं स्पष्ट मत, आधी केमिकल, मग वीज.

रिअ‍ॅक्टरवाला:
नाही पटत. हिशोब मांडा ना. टनभर उसातून बगॅस साधारण 280 किलो, त्यात निम्मं पाणी, राहिलं 140. नेहमीच्या पद्धतीत शक्य असतं त्याच्या निम्मंच फरफ्युरल हाती लागतं, म्हणजे टनभर उसामागे 10-12 किलो. बाकीचं आम्लात एकमेकांना चिकटून काळं डांबर होतं. म्हणून तयार झालं की लगेच वाफेने बाहेर ओढावं लागतं, जुन्या पद्धतीत किलोभर फरफ्युरलमागे 20 किलोच्या वर वाफ. त्याच वाफेवर तुमचं टर्बाइन फिरतंय!

ऊसकरी:
मग दक्षिण आफ्रिकेत सेझेलाच्या साखर कारखान्यात बगॅसपासून फरफ्युरल कसं काढतात? तिथं उरलेला चोथा परत बॉयलरलाच जातो.

भट्टीकर:
मी कोल्हापूरच्या फाउंड्रीतला. मोठ्या कास्टिंगच्या वाळूच्या मोल्डला फ्युरान रेझिन, म्हणजे वाळू घट्ट धरून ठेवणारा चिकट पदार्थ लागतो, तो फरफ्युरलपासूनच बनतो. जगात सगळ्यात जास्त फरफ्युरल चीन बनवतो, दाणे काढलेल्या मक्याच्या कणसांपासून. आपल्या उसाच्या पट्ट्यातच फाउंड्र्या आहेत, म्हणून मी ऊसकरींच्या बाजूने.

रिअ‍ॅक्टरवाला:
गिऱ्हाईक आहे हे मान्य. पण सांडपाण्यात अ‍ॅसेटिक आणि फॉर्मिक आम्ल येतं त्याचं काय, नदीकाठच्या गावांनी आधीच कमी सोसलंय का?

प्रयोगशाळेतून:
सल्फ्युरिकऐवजी झिओलाइटसारखा (बारीक छिद्रांचं खनिज) घन कॅटॅलिस्ट, म्हणजे उत्प्रेरक, वापरता येतो, गाळून परत घ्यायचा.

रिअ‍ॅक्टरवाला:
शुद्ध झायलोजवर छान चालतो हो. पण बगॅसही घन, कॅटॅलिस्टही घन, भेटणार कसे? आधी साखर पाण्यात उतरवावीच लागते, आणि मग डांबराने त्याची छिद्रं बुजतात, जाळून साफ करा, परत वापरा. शिवाय गाळप चार-पाच महिने, नंतर प्लांट काय करणार?

ऊसकरी:
म्हणून एकट्या कारखान्याने नाही, चार-पाच जणांनी मिळून काढायचा, बगॅसच्या गाठी बांधून वर्षभर चालवायचा.

रिअ‍ॅक्टरवाला:
म्हणजे निम्मं पाणी ट्रकने वाहायचं. आधी बॉयलरच्या धुराच्या उष्णतेवर बगॅस वाळवायची सोय करा, मग मी तुमच्या बाजूने बोलेन.