डायोडच्या आधी केबल तपासा

जुन्या जीपच्या अल्टरनेटरला (इंजिनवर चालून बॅटरी चार्ज करणारं जनित्र), त्याचं व्होल्टेज सांभाळणाऱ्या रेग्युलेटरच्या सेन्स वायरमध्ये (ज्या वायरवरून तो व्होल्टेज मोजतो) डायोड टाकून चार्जिंग वाढवा, असा एक सल्ला दिला जातो. युक्ती खरी आहे. सिलिकॉन डायोडवर साधारण 0.6 ते 0.7 व्होल्ट पडतात, रेग्युलेटरला तेवढं कमी दिसतं आणि तो फील्डचा (अल्टरनेटरमधल्या चुंबकीय कॉइलचा) करंट वाढवतो, म्हणून चार्जिंग वाढतं. पण आधी इंजिन चालू ठेवून, हेडलाइट लावून मल्टिमीटरची एक पिन अल्टरनेटरच्या जाड बोल्टला आणि दुसरी बॅटरीच्या प्लसला लावून बघा. माझ्या जीपमध्ये तिथे 0.8 व्होल्ट दिसले, म्हणजे तेवढे मधल्या केबलमध्येच वाया जात होते! केबलच्या टोकाची लग (बोल्टला बसणारी धातूची कडी) उघडली तर आत तांबं हिरवंगार, तारा बोटांत चुरडत होत्या. 16 स्क्वेअर मिमीची नवी केबल फ्यूजसह टाकली, इंजिनची अर्थिंग पट्टी घासून बसवली, सेन्स वायर बॅटरीपर्यंत नेली. आता बॅटरीवर 14.2 व्होल्ट मिळतात. फील्डचा करंटही त्याच सेन्स वायरवरून जात असेल तर मध्ये रिले (चावी बंद केल्यावर ती वायर तोडणारा स्विच) हवाच, नाहीतर उभ्या गाडीत बॅटरी उतरते.

एवढं करूनही डायोड लावायचाच असेल तर सोल्डर पक्कं करा. सेन्स वायर सुटली की काही रेग्युलेटर पूर्ण जोराने चार्ज करत सुटतात आणि बॅटरी अक्षरशः उकळते.