ॲरो प्रकरण: भांडण झेंड्याचं की अफूचं?

दर्यावर्दी: ब्रिटन-फ्रान्सचं चीनशी झालेलं दुसरं अफूयुद्ध (१८५६-६०) अफूसाठी झालं हे मला पटत नाही. ८ ऑक्टोबर १८५६ ला कॅन्टनमध्ये (आजचं ग्वांगझू) चिनी अधिकाऱ्यांनी ‘ॲरो’ जहाजावरचे १२ चिनी खलाशी पकडले. संशय चाचेगिरीचा होता, अफूचा नाही. जहाजाची नोंदणी हाँगकाँगची, म्हणजे झेंडा ब्रिटिश. ब्रिटिश कॉन्सुल पार्क्सचं म्हणणं एवढंच, की १८४३ च्या ब्रिटन-चीन पुरवणी तहाप्रमाणे अशा जहाजावरची माणसं हवी असतील तर आधी आमच्याकडे मागणी करा. तहावर सही केलीत ना? मग पाळा!

सातबारा: कुठली नोंदणी? तिची मुदत २७ सप्टेंबरलाच संपली होती आणि मालक चिनी. हाँगकाँगचा गव्हर्नर बाउरिंग पार्क्सला चक्क लिहितो, की जहाजाला संरक्षणाचा हक्क नाही, पण चिन्यांना ते ठाऊक नाही. वा रे कायदा! कॅन्टनचा चिनी सुभेदार ये मिंगचेनने शेवटी बाराही खलाशी परत पाठवले, फक्त माफी मागितली नाही. तर लगेच कॅन्टनवर तोफा. मार्च १८५७ मध्ये ब्रिटिश पंतप्रधान पामर्स्टन याच मुद्द्यावर पार्लमेंटमध्ये १६ मतांनी हरला. (निवडणूक घेऊन पुन्हा जिंकला, ते सोडा.)

गिरगावकर: तुम्ही दोघं जहाजातच अडकलात. चिनी बादशहाचा आयुक्त लिन झेशूने १८३९ मध्ये अफूच्या वीस हजारांवर पेट्या नष्ट केल्या, त्याची ६० लाख डॉलर भरपाई पहिल्या अफूयुद्धानंतरच्या नानकिंगच्या तहात (१८४२) वसूल झाली. पण अफूचा व्यापार बेकायदाच राहिला. तो कायदेशीर झाला नोव्हेंबर १८५८ मध्ये, शांघायच्या जकात करारात, पिकलमागे (सुमारे ६० किलो) ३० टेल (चांदीचं चिनी चलन) जकात भरून. फायदा कोणाला? बंगालची अफू ईस्ट इंडिया कंपनी स्वतः लिलावात विकायची. माळव्याची, म्हणजे शिंदे-होळकरांच्या मुलखातली, मुंबईहून जायची आणि प्रत्येक पेटीच्या पासाचे पैसे सरकार घ्यायचं. जमशेटजी जीजीभॉयांची श्रीमंतीही बरीचशी याच धंद्यातली. आपण नुसते प्रेक्षक नव्हतो.

दर्यावर्दी: मग फ्रान्स कशाला उतरला? तो थोडीच अफू विकत होता! त्यांचा पाद्री शापदेलेन फेब्रुवारी १८५६ मध्ये चीनच्या आतल्या ग्वांगशी प्रांतात मारला गेला. आणि याच युद्धातल्या तिआनजिनच्या तहातल्या (१८५८) मुख्य मागण्या बघा: पेकिंगमध्ये (बीजिंग) राजदूत, आणखी बंदरं, आतल्या मुलखात प्रवास.

सातबारा: शापदेलेन ग्वांगशीत करत काय होता? १८४४ च्या फ्रेंच तहाने परदेशी लोकांना खुल्या असलेल्या पाच बंदरांपलीकडे जायची मुभाच नव्हती.

दर्यावर्दी: बरोबर. आणि त्याच तहात लिहिलंय, की असा कोणी सापडला तर पकडून जवळच्या फ्रेंच कॉन्सुलकडे द्यायचा. हाल करून मारायचा नाही. त्या कलमाचं काय?