सह-आरोपीची कबुली आणि अपील

सगळ्या आरोपींचा खटला एकत्र चालला एवढ्यावरच उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात शिक्षा रद्द होईल, असा एक समज आहे. तसं होत नाही. समजा, रावेरकडे केळीच्या बागेत मारामारी झाली, आरोपी चार. घटना एकच, म्हणून बीएनएसएसच्या (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, फौजदारी खटला कसा चालवायचा याचा कायदा) कलम २४६ प्रमाणे खटला एकत्र चालू शकतो. अपिलात एकत्र खटल्यामुळे न्यायाची हानी झाल्याचं दाखवावं लागतं. हरकत खालच्या कोर्टातच घेतली होती का, हेही बघतात (कलम ५११).

खरा घात होतो तो एकाच्या कबुलीजबाबानं. दंडाधिकाऱ्यापुढचा असला तरी इतरांविरुद्ध तो कच्चाच. सर्वोच्च न्यायालयाच्या काश्मिरा सिंग निकालानं (१९५२) क्रम घालून दिलाय: आधी कबुली बाजूला ठेवून उरलेला पुरावा तपासा, तो शिक्षेपुरता असेल तरच खात्रीला जोड म्हणून कबुली वाचा. न्यायाधीशाला निकालपत्रात कारणं द्यावी लागतात, म्हणून हा क्रम पाळला का ते तिथं दिसतं. निकालपत्राची सुरुवातच कबुलीनं झाली असेल, तर अपिलात पहिलं बोट त्या परिच्छेदावर ठेवा.