सामना ‘बरोबरीत सुटला’ की ‘अनिर्णित राहिला’? आणि खेळाडू ‘गेला’ म्हणजे काय झाला?

प्रश्न

माझा भाचा नववीत आहे. ‘माझ्या आठवणीतला सामना’ या निबंधासाठी त्याने १७ ऑक्टोबर २०२० रोजी गुडिसन पार्कवर झालेला एव्हर्टन आणि लिव्हरपूल यांचा फुटबॉल सामना निवडला. तो सामना २-२ असा संपला आणि त्यात लिव्हरपूलचा बचावपटू व्हर्जिल व्हॅन डाइक याच्या उजव्या गुडघ्याला फार मोठी दुखापत झाली. भाच्याने लिहिले होते, “सामना बरोबरीत सुटला, पण आमचा व्हॅन डाइक गेला तो गेलाच.” शिक्षकांनी ‘बरोबरीत सुटला’ खोडून ‘अनिर्णित राहिला’ असे केले, ‘गेला’ हा शब्द ग्राम्य ठरवून तेथे ‘यास दुखापत झाली’ असे लिहिले आणि ‘आमचा’ या शब्दाभोवती लाल वर्तुळ काढून पुढे प्रश्नचिन्ह दिले.

‘गेला’ या शब्दाबाबत शिक्षकांची बाजू मला थोडीशी पटते, कारण त्या दिवशीचा प्रसंग मला आठवतो. घटस्थापना होती. इंग्लंडमधला दुपारी साडेबाराचा सामना आपल्याकडे संध्याकाळी पाचला सुरू झाला, तेव्हा माझी आई टीव्हीकडे पाठ करून घटासाठी झेंडूची माळ ओवत बसली होती. पहिल्या दहा-अकरा मिनिटांतच व्हॅन डाइक लंगडत मैदानाबाहेर निघाला आणि नऊ वर्षांचा भाचा “गेला, गेला!” म्हणून ओरडला. आईची सुई जागीच थांबली आणि तिने विचारले, “अगंबाई, कोण गेलं?” ते दिवस करोनाचे होते, त्यामुळे प्रश्नात थट्टा नव्हती.

तरीही तिन्ही दुरुस्त्या भाषेच्या दृष्टीने योग्य आहेत का, हे जाणकारांनी सांगावे.

प्रतिसाद

पहिली दुरुस्ती मला मान्य नाही. ‘अनिर्णित’ म्हणजे ज्याचा निर्णय झाला नाही असे. हा शब्द मराठी क्रीडापानांवर रुजला तो कसोटी क्रिकेटमुळे, आणि तेथे तो अगदी चपखल आहे, कारण पाच दिवस संपतात, चौथा डाव अर्धवट राहतो आणि कोण जिंकले असते हे कोणालाच सांगता येत नाही. याउलट दोन्ही संघांच्या धावा तंतोतंत सारख्या होऊन सामना संपणे ही कसोटीतली दुर्मीळ गोष्ट असून ती १९६० साली ब्रिस्बेनला आणि १९८६ साली मद्रासला अशी दोनदाच घडली. त्याला आपण ‘टाय’ म्हणतो आणि मराठीत सांगायचेच तर ‘बरोबरी’ म्हणतो. म्हणजे क्रिकेटमध्ये हे दोन शब्द दोन वेगवेगळ्या निकालांसाठी आहेत.

फुटबॉलमध्ये नव्वद मिनिटे आणि वर दिलेला भरपाईचा वेळ संपला की सामना पूर्ण होतो. गोल सारखे असतील तर ‘सारखे’ हाच त्याचा निर्णय असतो आणि प्रत्येक संघाच्या खात्यावर एकेक गुण मांडला जातो. त्यामुळे तेथे ‘बरोबरी’ हाच शब्द नेमका ठरतो. वर्तमानपत्रे ‘फुटबॉल सामना अनिर्णित’ असा मथळा देतात हे मला ठाऊक आहे, पण ती क्रिकेटच्या पानावरून उचललेली सवय आहे.

एक पोटभेद मात्र ध्यानात ठेवावा. ‘बरोबरी साधणे’ हे सामना चालू असतानाचे क्रियापद आहे. या सामन्यात तिसऱ्याच मिनिटाला सादिओ मानेने लिव्हरपूलला आघाडी मिळवून दिली आणि मायकल कीनने बरोबरी साधली. उत्तरार्धात मोहम्मद सालाहने पुन्हा आघाडी घेतली आणि डॉमिनिक कॅल्व्हर्ट-लुइनने पुन्हा बरोबरी साधली. एकाच सामन्यात दोनदा बरोबरी ‘साधली’ गेली, पण सामना बरोबरीत ‘सुटला’ तो एकदाच, शेवटची शिट्टी वाजल्यावर.

(‘माने’ हे आडनाव पाहून आमच्या घरातल्या एका ज्येष्ठांनी हा मुलगा कोणत्या गावचा, अशी चौकशी केली होती. तो सेनेगलचा आहे हे सांगितल्यावरही त्यांचा जिव्हाळा कमी झाला नाही.)

प्रतिसाद

वरील विवेचनाशी सहमत आहे. ‘सुटला’ या क्रियापदाविषयी थोडी भर घालतो. मी कोल्हापूरचा. आमच्याकडे फुटबॉल संघांची नावेच पाटाकडील तालीम, दिलबहार तालीम, खंडोबा तालीम अशी आहेत, त्यामुळे शाहू स्टेडियमवरची भाषा आणि कुस्तीच्या फडातली भाषा यांच्यात फारसे अंतर राहिलेले नाही. कुस्तीत पाठ टेकली तर कुस्ती ‘निकाली’ होते. दोघेही तुल्यबळ असले, वेळ उलटून गेली आणि एकमेकांच्या पकडीत अडकलेल्या मल्लांतला कोणीच चीत होईना, की पंच मध्ये पडून कुस्ती ‘सोडवतात’, आणि अशी कुस्ती ‘बरोबरीत सुटली’ असे म्हणतात. ‘सुटणे’ या शब्दात आधी काहीतरी घट्ट अडकले होते हे गृहीत आहे. म्हणून चुरशीच्या बरोबरीला हे क्रियापद जितके शोभते तितके ‘संपला’ किंवा ‘राहिला’ शोभत नाही. दोन्ही संघ चेंडू मागे-पुढे ढकलत बसले आणि ०-० झाले, तर तो सामना बरोबरीत ‘संपला’ म्हणावा. पकडच नव्हती, तर सुटणार काय?

गुडिसनचा सामना मी पाहिला आहे आणि तो निःसंशय ‘सुटलेला’ होता. अखेरच्या मिनिटांत एव्हर्टनच्या रिचार्लिसनला लाल कार्ड मिळाले, त्याच्या धसमुसळ्या खेळाने लिव्हरपूलचा थिएगो जखमी झाला, आणि भरपाईच्या वेळेत लिव्हरपूलच्या जॉर्डन हेंडरसनने केलेला गोल त्याआधीच्या ऑफसाइडमुळे (खेळाडू नियमाबाहेर पुढे उभा असल्याने) व्हिडिओ पंचांनी अवैध ठरवला. एकाच शहरातल्या दोन संघांच्या असल्या सामन्यांना इंग्लंडात ‘डर्बी’ म्हणतात. मराठीत मी ‘भाऊबंदकी’ म्हणेन, आणि या दोन संघांच्या बाबतीत तो शब्द अक्षरशः खरा आहे. अॅनफील्ड हे मैदान मुळात एव्हर्टनचे घर होते. भाड्याच्या वादातून १८९२ साली एव्हर्टन तेथून निघून गेला आणि रिकाम्या मैदानासाठी त्याचे मालक जॉन हूल्डिंग यांनी लिव्हरपूल हा नवा संघ उभा केला. पुढे १३० वर्षांहून अधिक काळ दोन्ही घरांच्या मध्ये फक्त स्टॅन्ली पार्क हे उद्यान होते. वाटणीवरून फुटलेली दोन घरे आणि मध्ये सामाईक परसू, याला आमच्या भागात दुसरा शब्द नाही.

प्रतिसाद

बरोबरीची बातमी लिहिणाऱ्याचे इमान कोणाच्या पारड्यात आहे, हे नामापेक्षा क्रियापदावरून लवकर कळते. ‘एव्हर्टनने लिव्हरपूलला बरोबरीत रोखले’ या वाक्यात लिव्हरपूल मोठा आणि एव्हर्टन झुंजार ठरतो. ‘लिव्हरपूलला बरोबरीवर समाधान मानावे लागले’ या वाक्यात समाधान सोडून बाकी सर्व काही आहे. ‘एव्हर्टनने एक गुण पदरात पाडून घेतला’ असे एव्हर्टनचा पाठीराखा म्हणेल आणि त्याच गुणाबद्दल लिव्हरपूलचा पाठीराखा ‘दोन गुण घालवले’ असे म्हणेल. त्या दिवशी तर हा घोळ आणखीच वाढला होता, कारण एव्हर्टन पहिले चारही सामने जिंकून गुणतक्त्यात अग्रस्थानी होता आणि गतविजेता लिव्हरपूल आदल्याच सामन्यात अॅस्टन व्हिलाकडून ७-२ असा हरून आला होता. कोणी कोणाला रोखले, हे ठरवणे अवघड होते.

‘गुणांची समसमान वाटणी’ हा शब्दप्रयोग मात्र आता सोडून द्यावा. विजयाला दोन गुण होते तेव्हा बरोबरीत त्यांची एक-एक अशी वाटणी होत असे. इंग्लंडने १९८१ पासून विजयाला तीन गुण द्यायला सुरुवात केली, आणि तेव्हापासून बरोबरीत त्या तिनांपैकी एक गुण कोणाच्याच हाती लागत नाही.

प्रतिसाद

मी फिजिओथेरपिस्ट आहे, म्हणून फक्त दुखापतीबद्दल लिहिते.

‘जखमी’ हा शब्द येथे नको, कारण जखम म्हटले की कातडी फाटणे आणि रक्त येणे डोळ्यांपुढे येते. व्हॅन डाइकच्या गुडघ्याबाहेर काहीच दिसत नव्हते. ‘स्नायू फाटला’ असेही काही बातम्यांत वाचल्याचे आठवते आणि ते चूक आहे. स्नायू आकुंचन पावतो आणि हाड हलवतो. लिगामेंट, म्हणजे अस्थिबंध, हाडाला हाडाशी बांधून ठेवतो. गुडघ्याच्या आत असे दोन अस्थिबंध एकमेकांवर फुलीसारखे आडवे गेलेले असतात आणि त्यांपैकी पुढचा तुटला की नडगीचे हाड मांडीच्या हाडाखालून पुढे सरकू लागते. रुग्ण हे सारे एका वाक्यात सांगतात: “मॅडम, वळायला गेलो की गुडघा निसटतो.” सरळ चालताना त्याला फारसे काही वाटत नाही. फुटबॉलमध्ये मात्र वळण्यावाचून काय आहे?

‘लचकला’, ‘मुरगळला’ हे शब्द अस्थिबंध ताणला जाण्यापुरते ठीक आहेत. ‘मुका मार’ म्हणजे वरून न दिसणारा मार, आणि तो बहुधा शेकून-लेप लावून बरा होतो. तुटलेल्या अस्थिबंधाला ‘गुडघा गेला’ असे म्हणतात, आणि मला तो शब्द ग्राम्य वाटत नाही. डोळे गेले, आवाज गेला, वीज गेली: यांत वस्तू जागेवर असते आणि तिचे काम थांबलेले असते. गुडघ्याचेही तसेच होते. व्हॅन डाइकवर त्याच महिन्याच्या अखेरीस शस्त्रक्रिया झाली, तो उरलेल्या संपूर्ण हंगामाला आणि २०२१ च्या उन्हाळ्यातल्या युरो स्पर्धेला मुकला, आणि लीगच्या सामन्यात परतला तो १४ ऑगस्ट २०२१ रोजी, नॉरिचविरुद्ध. दहा महिन्यांसाठी ‘दुखापत झाली’ हे शब्द मला तरी अपुरे वाटतात. औपचारिक शब्दच हवा असेल तर ‘जायबंदी’ घ्यावा. दुखापत असूनही पट्टी बांधून खेळता येते, जायबंदी झालेल्याला लढताच येत नाही.

प्रतिसाद

कायद्याच्या मराठीतही ही वर्गवारी आहे. भारतीय दंड संहितेत साधी ‘दुखापत’ वेगळी आणि ‘जबर दुखापत’ वेगळी होती. ज्या दुखापतीमुळे माणसाला २० दिवस तीव्र वेदना होतात किंवा आपले नित्याचे व्यवहार करता येत नाहीत, तिची गणना जबर दुखापतीत होत असे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ही मुदत १५ दिवस केली आहे. अर्थात मैदानावरच्या प्रत्येक धडकेला कलमे लावू नयेत, मी केवळ शब्दाविषयी बोलत आहे. कायद्यात दुखापत नुसती ‘होत’ नाही, ती कोणीतरी ‘पोचवतो’, आणि ‘इच्छापूर्वक’ पोचवली की नाही, यावर पुढचे सगळे अवलंबून असते.

प्रतिसाद (पहिल्या प्रतिसादाचे लेखक)

वकीलसाहेबांनी नेमके बोट ठेवले. शिक्षकांच्या ‘दुखापत झाली’ या दुरुस्तीवर माझा मुख्य आक्षेप हाच आहे. मराठीत ‘झाली’ म्हटले की कर्ता पडद्याआड जातो, आणि ‘दुखापतग्रस्त’ म्हटले की तो पडदाही उरत नाही. पूरग्रस्त, भूकंपग्रस्त यांच्या पंगतीत खेळाडू जाऊन बसतो, जणू निसर्गाचाच कोप झाला. येथे तर साऱ्या वादाचे मूळ कर्त्यातच होते. एव्हर्टनचा गोलरक्षक जॉर्डन पिकफर्ड वेगाने पुढे आला आणि त्याच्या दोन्ही पायांमध्ये व्हॅन डाइकचा उजवा पाय सापडला. त्याआधी व्हॅन डाइक ऑफसाइड असल्याने पेनल्टी मिळाली नाही, हे नियमाला धरूनच झाले. पण ऑफसाइडमुळे धोकादायक खेळाची शिक्षा माफ होत नाही, आणि पिकफर्डला साधे पिवळे कार्डही दाखवले गेले नाही. लिव्हरपूलचे चाहते कितीतरी दिवस त्यावरच धुमसत होते. एव्हर्टनचा पाठीराखा ‘दुखापत झाली’ म्हणेल, लिव्हरपूलचा ‘जायबंदी केले’ म्हणेल, आणि दोघांचेही मराठी शुद्ध असेल.

प्रतिसाद (कोल्हापूर)

‘केले’ याला माझी हरकत आहे. ‘केले’ म्हटले की हेतू चिकटतो, आणि हेतू आपल्यापैकी कोणी पाहिलेला नाही. ‘पिकफर्डशी झालेल्या धडकेत जायबंदी झाला’ असे लिहिल्यास कर्त्याचे नाव येते आणि आरोप होत नाही. पेठेत रोज दुसऱ्या तालमीच्या माणसांची तोंडे पाहायची असल्याने आम्हाला अशी वाक्यरचना अंगवळणी पडली आहे.

प्रतिसाद

‘आमचा’ या शब्दावर कोणी काहीच लिहिले नाही, म्हणून लिहिते. लाल वर्तुळाचा अर्थ मला असा दिसतो की लिव्हरपूलचा डच खेळाडू इथल्या मुलाचा कसा, असे शिक्षकांना वाटले असावे. परंतु मराठीत ‘आपला’ आणि ‘आमचा’ यांत जो फरक आहे, तो या मुलाने अचूक पाळला आहे. ‘आपला’ म्हटले की ऐकणाराही त्यात येतो, ‘आमचा’ म्हटले की तो बाहेर राहतो. मित्रांमध्ये तो ‘आपला व्हॅन डाइक गेला’ असेच म्हणाला असेल. निबंध शिक्षकांसाठी होता आणि शिक्षक कोणत्या संघाचे हे त्याला ठाऊक नव्हते, म्हणून त्याने ‘आमचा’ लिहिले. चाहत्याने संघाला स्वतःत धरणे हे शंभर टक्के मराठी आहे. भारत जिंकला की आपण ‘जिंकलो’ म्हणतो, बॅट हातात न धरता.

प्रश्नकर्ता

सर्वांचे मनःपूर्वक आभार. भाच्याने सर्व प्रतिसाद वाचले आणि वाक्य पुन्हा लिहिले: “सामना २-२ असा बरोबरीत सुटला, पण पिकफर्डशी झालेल्या धडकेत आमचा व्हॅन डाइक जायबंदी झाला आणि दहा महिन्यांसाठी गेला.” ‘धडकेत’ हा शब्द त्याने बराच वेळ कुरकुरत स्वीकारला, ‘गेला’ सोडायला मात्र तो तयार झाला नाही. आई म्हणाली, मुदत सांगितली आहे तर असू दे.

आज त्याने वही शिक्षकांना दाखवली आणि ‘आमचा’ व ‘आपला’ यांतला फरक समजावून सांगितला. शिक्षक एव्हर्टनचे निघाले नाहीत, कोणाचेच निघाले नाहीत. त्यांनी प्रश्नचिन्ह खोडले. वर्तुळ तसेच आहे.